दुसऱ्या टपालाचं कार्ड

ता. २ फेब्रुवारी

चि. ठिणग्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. मोठ्या बहिणीने लिहायचे असतात म्हणून लिहिले. मनात आज दुसरंच काही आहे.

डिसेंबरच्या सुट्टीत मी तुमच्याकडे आले तेव्हा माझी एअर रायफल धडधाकट होती. हौस तुला आली. हवा भरायच्या दांड्याखालचं वॉशर जुनं झालंय, माझ्या लेथच्या बाकावर रायफल उघडतो, नवं वॉशर करतो आणि दोन तासांत हातात ठेवतो, असं तू म्हणालास. मी नको म्हटलं, वहिनी नको म्हणाली, पण ऐकेल तो ठिणग्या कसला? दोन तासांत खरंच हातात ठेवलीस. तेव्हापासून माझा एक नेम धड बसलेला नाही.

पूर्वी चाळीस छर्रे झाडले की चारशेपैकी तीनशे ऐंशीच्या आसपास गुण व्हायचे. परवा तीनशे एक्केचाळीस झाले. भोकं आधी एका नाण्याखाली झाकली जायची, आता शर्टाच्या गुंड्यांसारखी एकाखाली एक उतरतात. निशाणाचे तीन कागद सोबत घातले आहेत, तूच बघ. मी काही माझी पद्धत बदललेली नाही. दांडा मिटून हवा भरली की पाय रोवते, श्वास सोडते, नळीच्या टोकावरची माशी निशाणावर स्थिर झाली की मगच चाप ओढते. वीस वर्षं असंच करते आहे.

नवीन मुख्याध्यापिका आल्या आहेत. त्यांनी फतवा काढलाय की खेळ शिकवणाऱ्या प्रत्येकाने आधी स्वतःची परीक्षा द्यायची. माझी १५ मार्चला. बाहेरचा परीक्षक येणार, चाळीस छर्रे, किमान तीनशे साठ गुण. एक जरी कमी पडला तर नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर शाळेमागची ही खोलीही. सत्तेचाळिसाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण उभं करणार आहे? वर्गातल्या मुलीही आता माझ्या कागदाकडे बघून एकमेकींना कोपराने ढोसतात. ते मला सहन होत नाही.

शाळेतला फोन मुख्याध्यापिकांच्या टेबलावर आहे, तिथून असलं काही बोलता येत नाही. म्हणून लिहिलं. तू काय केलंस ते सरळ सांग. लोभ आहेच, तो वाढवायचा की नाही ते कागद बघून ठरवू.

तुझी,
अक्का


ता. ६ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

कागद पाहिले. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! फुकट काम करून दिलं, चहासुद्धा मीच पाजला, आणि वर हे ऐकून घ्यायचं. सत्तावीस वर्षं लेथ चालवतोय. दुकानातून गेलेला तुकडा एकदाही परत आलेला नाही, तसं पाटीवरच लिहून ठेवलंय. माझ्या बाकावर ताट न घेता जेवता येतं, इतका तो स्वच्छ असतो. मी बसवलेलं वॉशर बिघडलं असेल तर लेथ विकून भाजीची गाडी लावीन, लिहून घे.

आता रायफलीबद्दल. दस्त्याचे स्क्रू तपासलेस का? ते ढिले असले तर देवसुद्धा नेम चुकेल. मागची साइट हलते का बघ, बोटाने ढकलून बघ, नुसती डोळ्यांनी नको. छर्रे कुठले वापरतेस? डबा कुठे तरी ओलीला ठेवला असशील, शिसं पांढरं पडलं असेल. एकेक छर्रा नखावर फिरवून बघ, कड दबलेली असेल तर फेकून दे. नळीत लोकरीच्या नमद्याची गोळी घालून ती कोरडी पुसून काढ, पण तोंडाकडून गज घालू नकोस. नळीच्या तोंडाची कड एकदा दुखावली की रायफल काठी म्हणून वापरायची.

आणि हे सगळं करून झालं की आरशात बघ. उभी रांग म्हणजे श्वास, हे तूच मुलींना शिकवतेस ना? श्वास पूर्ण सुटायच्या आत चाप ओढला की भोकं वरखाली जातात. तू तर इतका वेळ उभी राहतेस की समोरचं निशाणसुद्धा कंटाळत असेल. गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात ते तुझ्यासारखीलाच. स्वतः बिघडायचं आणि बिल माझ्या नावावर फाडायचं.

लोभ असू दे, कटकट नको.

तुझा,
ठिणग्या


ता. ७ फेब्रुवारी (कार्ड)

ती. अक्कास, सा. न. वि. वि.
काल रागाच्या भरात लिहिलं. मनावर घेऊ नकोस. ही म्हणाली, बहिणीची नोकरी जायची वेळ आली आणि तुम्हाला पाटीचं पडलंय. मी सांगितलेलं सगळं करून बघ. नाही जमलं तर रायफल माझ्याकडे पाठव, व्हाइसमध्ये धरून झाडून बघतो. १५ मार्चच्या आत काहीही करून लावून देतो. जेवत जा.
ठिणग्या


ता. १४ फेब्रुवारी

चि. ठिणग्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं रागाचं पत्र आलं ते मी टेबलाच्या खणात टाकलं. दुसऱ्या टपालाने कार्ड आलं, मग लिहायला बसले. आयुष्यभर हेच चाललंय. तू आधी भडकतोस, दुसऱ्या दिवशी कार्ड टाकतोस, आणि मी दोन्ही हातात आल्याशिवाय उत्तर देत नाही. म्हणून तर अजून आपण एकमेकांचे आहोत. नाहीतर तुझं नुसतं पहिलं पत्र वाचून तुझ्याशी नातं ठेवील असं माणूस मिळणं कठीण.

आता तुझ्या उपदेशाबद्दल. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. दस्त्याचे तिन्ही स्क्रू तपासले, घट्ट आहेत. साइट बोटाने ढकलली, ढिम्म हलत नाही. छर्‍यांचा नवा डबा आणला, पांढरा दिसेल तो एकेक बाजूला काढला, शिवाय शेजारच्या शाळेतल्या शिक्षिकेकडून दुसऱ्या जातीचे उसने घेतले. नळी पुसली, सहा वेळा, मागच्या बाजूने. डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाला, नंबर तोच आहे, चष्म्याची काच तेवढी घासली गेली आहे. काच बदलली. मुलींपैकी एकीला माझ्या बाजूला उभं करून माझा श्वास मोजायला लावला. तिने सांगितलं की चाप ओढताना माझी पाठ हललीसुद्धा नाही. एवढं सगळं करून गुण तीनशे चव्वेचाळीस.

मला त्यात एक गोष्ट कळत नाही. एखादा छर्रा मध्येच नेमका दहाच्या वर्तुळात जातो, मला आशा लागते, आणि पुढचा दोन घरं खाली. सगळेच खाली गेले असते तर साइट वर करून मोकळी झाले असते. साइट वर केली तर तो मध्येच येणारा शहाणा वर उडतो. मी वेडी व्हायची पाळी आली आहे. काल वर्गात उगाचच एका मुलीवर खेकसले, ती रडली. घरी आल्यावर मलाही रडू आलं.

रायफल पेटीत घालून ओळखीच्या बस ड्रायव्हरबरोबर पाठवते आहे. नीट बघ. पाटी सांभाळायची म्हणून नव्हे, माझ्यासाठी बघ. वहिनीला सांग, खोकल्याचं औषध पुरलं. लोभ पाठवता आला असता तर पेटीत घालून पाठवला असता, तेवढी मी घाबरले आहे.

तुझी,
अक्का


ता. १९ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

रायफल आली. त्याच दिवशी व्हाइसमध्ये रबर लावून घट्ट आवळली, दहा मीटर मोजून समोर फळी ठोकली आणि दहा छर्रे झाडले. दांडा मिट, झाड, दांडा मिट, झाड. दोन मिनिटांत दहाच्या दहा एका भोकात. कागद सोबत आहे, करंगळीचं टोकही त्यात जाणार नाही. संध्याकाळी गिऱ्हाइकं गेल्यावर पुन्हा दहा, पुन्हा तेच. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

रायफल ठणठणीत आहे. वॉशर ठणठणीत आहे. आता मला जे दिसतं ते सांगतो, आणि ते सांगायला दुसरं कुणी नाही म्हणून सांगतो. तुझे हात जायला लागलेत. नानांचे गेले तसेच. पितळी पाट्या कोरताना त्यांची अक्षरं वाकडी जायला लागली तेव्हा तेही म्हणायचे, पितळ वाईट आलंय, छिन्नीला धार नाही, उजेड कमी आहे. सगळ्यांचा दोष, फक्त हाताचा नाही. शेवटी मलाच बापाच्या हातून ती छिन्नी काढून घ्यावी लागली. तू तेव्हा माझ्याशी महिनाभर बोलली नव्हतीस. पण कुणीतरी करायलाच हवं होतं.

तू चोराच्या उलट्या बोंबा मारणं आता थांबव. माझ्या कामाला नावं ठेवून तुझा हात स्थिर होणार नाही. परीक्षेत चारचौघांसमोर शोभा करून घेण्यापेक्षा आधीच बाजूला हो. रायफल पुढच्या आठवड्यात पाठवतो.

तुझा,
भाऊ


ता. २८ फेब्रुवारी

चि. भावास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र २१ तारखेला मिळालं. नेहमीप्रमाणे खणात टाकलं. २२ ला टपालवाल्याची वाट बघितली, २३ ला बघितली. २४ ला तो फाटकापाशी थांबला तेव्हा मी तास सोडून धावत गेले, शाळेच्या विजेचं बिल होतं. आज २८. दुसऱ्या टपालाचं कार्ड आलं नाही. म्हणजे या वेळी तू रागात लिहिलेलं नाहीस. शांत डोक्याने लिहिलंस.

मग मीही शांत डोक्याने बघितलं. भांडं काठोकाठ पाण्याने भरलं आणि हात लांब करून धरलं. पाणी हललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा धरलं, पुन्हा हललं. नाना शेवटची अकरा वर्षं खिडकीपाशी दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून बसायचे. परवा वर्गात माझ्या लक्षात आलं की मीही तशीच बसले होते.

आज मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिकांकडे राजीनामा दिला. हात स्थिर राहत नाहीत असं कारण लिहिलं. पाणी हवं का, एवढंच त्यांनी विचारलं. खोली मार्चअखेरीस रिकामी करायची आहे. रायफल परत पाठवू नकोस, कुणा चांगल्या मुलीला मिळेल असं बघून विकून टाक.

वहिनीला नमस्कार. तुझ्यावर माझा राग नाही, हे लिहितानाच मला कसंतरी होतंय.

अक्का


ता. ३ मार्च

ती. वन्संना,
वहिनीचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र मी यांना न विचारता लिहिते आहे. तुमचं राजीनाम्याचं पत्र आज आलं. यांनी ते वाचलं, शर्टाच्या खिशात घातलं, आणि दिवसभर लेथ चालू ठेवून त्याच्यासमोर बसून राहिले. लेथवर काम काहीच लावलेलं नव्हतं. आता माझ्याच्याने गप्प बसवत नाही.

वन्सं, तुमचे हात चांगले आहेत. यांना २० तारखेलाच कळलं. तुम्हाला लिहिलेलं ते भयंकर पत्र टपालपेटीत टाकून आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी. रायफल बांधून ठेवायच्या आधी एकदा समाधानासाठी झाडतो म्हणाले. छर्रा घातला, दांडा मिटला, तेवढ्यात एक गिऱ्हाईक तुटलेला शाफ्ट घेऊन आलं. त्याच्याशी यांची हुज्जत दहा मिनिटं चालली, आणि भरलेली रायफल तशीच व्हाइसमध्ये. मी ओरडले, असं भरून ठेवतात का हो? मग आले आणि चाप ओढला. छर्रा निशाणाच्याही खाली, फळीच्या कडेला लागला. व्हाइस सरकलं म्हणाले. लगेच दुसरा झाडला, तो मधोमध.

मला तुम्ही आठवलात. डिसेंबरात तुम्ही मागच्या अंगणात सराव करायचात तेव्हा मी पायरीवर भाजी चिरत बसायचे. तुम्ही दांडा मिटल्यापासून चाप ओढेपर्यंत माझे दोन बटाटे चिरून व्हायचे. मी यांना म्हटलं, तुम्ही तर दांडा मिटला की धाडकन झाडता. वन्संसारखं थांबून झाडा की. यांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी शिवी दिली. पण घड्याळ समोर ठेवलं. लगेच झाडला की दहा. अर्धं मिनिट थांबलं की दोन घरं खाली. दोन मिनिटं थांबलं की कागदाच्या काठावर. भरलेली हवा हळूहळू गळत होती, वन्सं. यांना कधी थांबता येत नाही म्हणून ते यांना दिसलं नाही, आणि तुम्हाला कधी घाई करता येत नाही म्हणून तुमचाच प्रत्येक छर्रा खाली गेला. जो मध्येच दहात जायचा तो बहुतेक तुम्ही चुकून लवकर झाडलेला.

संध्याकाळी रायफल उघडली. वॉशरच्या ओठात लोखंडाचा कीस अडकला होता, केसाएवढा बारीक, वळलेला. त्याच्याने रबराला चीर गेली होती. लेथच्या बाकावर उघडली होती ना, तिथलाच. यांनी तो काडेपेटीत ठेवला आणि म्हणाले, उद्या लिहितो. उद्याचा परवा झाला. रोज कार्ड घेऊन बसायचे, तुमचं नाव लिहायचे आणि फाडायचे. मी दोनदा बोलले, तिसऱ्यांदा ताट आपटलं. शेजारच्या दुकानातून शाळेत फोन करायला निघाले आणि अर्ध्या रस्त्यातून परत आले. मीही तुम्हाला कळवायला हवं होतं. यांचं यांनी सांगावं म्हणून थांबले, ती माझी चूक.

रागवा, हवं तेवढं रागवा. पण हातावर रागवू नका.

तुमची,
वहिनी


ता. ६ मार्च

ठिणग्या,

आज आशीर्वाद नाही.

वहिनीचं पत्र मिळालं. वीस तारखेला तुला कळलं. त्याच दिवशी दोन ओळी टाकल्या असत्यास तर मला त्या तेवीसला मिळाल्या असत्या. मी राजीनामा अठ्ठावीसला दिला. मधले पाच दिवस मी हातात पाण्याचं भांडं धरून भिंतीसमोर उभी होते. तू काय करत होतास? कार्डं फाडत होतास. जन्मभर तुला एक क्षण थांबवत नाही. जेवताना थांबवत नाही, बोलताना थांबवत नाही, बापाच्या हातातून छिन्नी ओढून घेतानाही थांबवलं नाही. आणि आयुष्यात एकदाच थांबलास ते नेमकं इथे.

वॉशर बिघडल्याचा मला राग नाही. कीस कुणाच्याही बाकावर असतो. तू मला माझ्याच हाताची भीती घातलीस, ती खोटी आहे हे तुला कळलं, तरी ती तशीच राहू दिलीस, याचा राग आहे. पाटीवर लिहिलेल्या एका ओळीसाठी. काल माझ्या हातून कप पडला. हात थरथरला म्हणून नव्हे, थरथरेल म्हणून मी तो इतका आवळून धरला होता की कानच तुटला. हे तू केलंस.

आणि नानांचं नाव घेतलंस. ते पितळ वाईट म्हणत होते, उजेड कमी म्हणत होते. त्यांनी सांगितलेली एक तरी गोष्ट तू तपासून बघितली होतीस का? मला उगाच शंका येते आहे, आणि ती आली की झोप लागत नाही.

मला तुझी माफी नको. माफीचं तू कार्ड टाकशील आणि मोकळा होशील. तू मुख्याध्यापिकांना लिही. तुझ्या दुकानाच्या शिक्क्याचा कागद घे आणि काय झालं, कुणी केलं, कुणाला कधी कळलं ते सगळं लिही. वॉशर बदलून रायफल पाठव. परीक्षा पंधराला आहे. बाईंनी राजीनामा अजून वर पाठवलेला नाही, मी चौकशी केली.

लोभाचं नंतर बघू.

अक्का


ता. ८ मार्च

माननीय मुख्याध्यापिका यांस,
सप्रेम नमस्कार.

मी आपल्या शाळेतल्या नेमबाजीच्या शिक्षिकेचा धाकटा भाऊ. लेथचं काम करतो. हे पत्र दुकानाच्या कागदावर, शिक्का मारून लिहितो आहे, कारण हे दुकानाचं काम होतं.

डिसेंबरात मी माझ्या बहिणीची एअर रायफल तिने नको म्हटलं असताना उघडली आणि घाईने बंद केली. आत लोखंडाचा कीस राहिला. त्यामुळे दांडा मिटून भरलेली हवा गळू लागली. जो लगेच झाडेल त्याचा नेम बसेल, जो सावकाश झाडेल त्याचा छर्रा खाली जाईल, असा तो दोष होता. माझी बहीण सावकाश झाडते. नीट झाडणारी माणसं सावकाशच झाडतात. मी लगेच झाडून बघितलं आणि दोष तिच्या हाताचा आहे असं तिला कळवलं.

तिने राजीनाम्यात हात स्थिर राहत नसल्याचं कारण दिलं आहे. ते खोटं आहे, आणि ते खोटं तिचं नाही, माझं आहे. खरी गोष्ट मला २० फेब्रुवारीला कळली. मी तिला ती सांगितली नाही. सांगितलं तर दुकानाच्या पाटीवरची ओळ पुसावी लागेल, एवढंच कारण होतं. ती ओळ मी काल पुसली.

वॉशर नवीन केलं आहे. या वेळी रायफल लेथच्या बाकावर नाही, घरी जेवणाच्या टेबलावर धुतलेलं कापड अंथरून उघडली. परीक्षकांनी स्वतः दांडा मिटावा, दोन मिनिटं थांबावं आणि मग झाडून बघावं. कीस काडेपेटीत घालून सोबत दिला आहे. परीक्षेला तिला उभं करा, एवढी विनंती. माझ्यावर उपकार म्हणून नको.

आपला,
लेथवाला


ता. १७ मार्च

चि. ठिणग्यास,
आशीर्वाद. अनेक नव्हे, एक.

नऊ तारखेला तू स्वतः इथे येऊन गेलास हे मला शिपायाकडून कळलं. रायफल आणि पत्र त्याच्या हातात दिलंस आणि त्याच बसने परत फिरलास. सहा तासांचा प्रवास करून यायचं, बहिणीच्या खोलीपासून चाळीस पावलांवर उभं राहायचं आणि तोंड न दाखवता जायचं! बस सुटायला पाऊण तास होता म्हणे. तू फाटकाबाहेरच्या कठड्यावर बसून होतास. त्या शिपायाने सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं. हा राग वेगळा, तो आधीच्या रागात मिळवू नकोस.

बाईंनी मला बोलावून तुझं पत्र वाचायला दिलं. मी ते उभ्यानेच वाचलं. राजीनाम्याचं पाकीट खणातून काढून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, हे इथेच राहू दे, पंधराला संध्याकाळी बघू.

परीक्षक बारीक अंगाचा, तोंडावरची माशी न हलणारा. तू लिहिलंस तसं त्याने आधी स्वतः झाडून बघितलं. पूर्ण दोन मिनिटं थांबला. छर्रा दहात. मग माझी पाळी. दांडा मिटला आणि माझ्या मनात आलं, लगेच झाडून टाक, काय भरवसा. बोट चापावर गेलंही होतं. मग ते मी काढून घेतलं. पाय रोवले, श्वास सोडला. मागे मुली होत्या, बाई होत्या. माशी स्थिर झाली तरी मी थांबले. माझे हात कसे आहेत ते मला बघायचं होतं. ते अगदी जागच्या जागी होते, ठिणग्या. तेव्हा मी चाप ओढला.

चाळीस छर्‍यांचे तीनशे अठ्ठ्याहत्तर झाले. बाईंनी पाकीट मला परत दिलं. खोली राहिली. परीक्षक जाताना मुलींना म्हणाला, तुमच्या बाईंसारखं थांबायला शिका. त्या काडेपेटीतला कीस मी वर्गात काचेखाली ठेवला आहे. कुणाचा नेम चुकायला लागला की आधी तो बघायचा, मग स्क्रू, मग साइट, मग छर्रे. हाताला बोल लावायचा तो सगळ्यात शेवटी. असा मी नियमच करून टाकलाय.

राग गेलेला नाही. बाईंना लिहिलेलं पत्र बाईंचं झालं, ते मी माझ्या खणात ठेवू शकत नाही. १९ फेब्रुवारीचं तुझं पत्र मात्र तिथे एकटंच पडून आहे. त्याच्या जोडीचं अजून आलेलं नाही. माफी नको असं मी लिहिलं होतं, ते रागाच्या भरात लिहिलं.

वहिनीला म्हणावं, पुढच्या सुट्टीत बटाटे मी चिरीन.

तुझी,
अक्का


ता. २० मार्च (कार्ड)

ती. अक्कास, सा. न. वि. वि.
ते मी रागाच्या भरात लिहिलं होतं. मनावर घेऊ नकोस असं आता म्हणवत नाही. तू विचारलं होतंस म्हणून आज माळ्यावरून नानांचा पाट्या कोरताना धरायचा शिकंजा खाली काढला. पितळेची पट्टी त्यात आवळली आणि अंगठ्याने दाबली. पट्टी हलली. डाव्या जबड्याचा आतला स्क्रू झिजून गेलाय, छिन्नीचा ठोका बसला की पाटीच सरकते. मी तो तेव्हा बघितला नव्हता. हातच बघितला. आत्ता दुपारचे दोन वाजलेत, तीनच्या टपालात टाकतो आहे.
ठिणग्या